कॉलेज बघायला जाताय? मग लॅब बघून या (नागपूर, अभियांत्रिकी प्रवेश)

अंबाझरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या जवळ आल्या की ओळखीपाळखीतले फोन सुरू होतात. "सर, सीएसई (कॉम्प्युटर सायन्स) कुठं लागेल? पॅकेज किती मिळते?" मी नागपुरात संगणकशास्त्र शिकवतो, बरीच वर्षं झाली. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथे मांडतो. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी मोकळेपणाने लिहावं.

माझं म्हणणं असं: कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या फ्लेक्सपुढे उभं राहू नका, लॅबमध्ये जाऊन उभे राहा. वर्गात बुडालेली थिअरी आज भरून काढता येते. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, आणि चांगली आहेत. पण प्रॅक्टिकलचे जे दोन तास नुसतं जर्नल (प्रॅक्टिकलची वही) लिहिण्यात जातात, ते पुन्हा कुठून आणणार?

उदाहरण देतो. पहिल्या वर्षाच्या सी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लॅबमध्ये फॅक्टोरियलचा (१ पासून दिलेल्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम असतो. बहुतेक जर्नलांत तो सारखाच सापडतो: इनपुट ५, आउटपुट १२०, खाली सही. आता त्याच प्रोग्रॅमला १३ द्या. जीसीसी या कंपायलरवर (कोड चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) साधारणपणे १९३२०५३५०४ येतं. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे. एरर आली नाही, प्रोग्रॅम बंद पडला नाही, चुकीचा आकडा गुपचूप छापला गेला. कारण इंटला, म्हणजे पूर्णांक ठेवायच्या जागेला, ४ बाइट मिळतात, म्हणजे ३२ बिट, आणि त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात. खऱ्या उत्तरातून ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात, वजा करून बघा. छापलेला आकडा नेमका तोच निघतो. १२ पर्यंत सगळं बरोबर, १३ ला घोळ.

हे ज्या मुलीने स्वतः करून बघितलं, ती पुढे रकमेसाठी व्हेरिएबल निवडताना थांबून विचार करते. मोठ्या माणसांकडूनही हे राहून जातं. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीस सेकंदही टिकलं नाही. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत बसवताना तो मावला नाही, हे मूळ कारण. ज्या लॅबमध्ये कुणी ५ च्या पुढे जातच नाही, तिथे हा विषय निघेल कसा?

त्यात काही ठिकाणी अजून निळ्या पडद्याचा टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. तिथला इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. त्यामुळे ८ च्या फॅक्टोरियललाच, ४०३२० च्या जागी, उणे २५२१६ येतं. मुलं त्यातली कॉनिओ डॉट एच ही हेडर फाइल आणि गेटसीएच हे फंक्शन म्हणजेच सी असं धरून बसतात. ती हेडर फाइल सीच्या प्रमाणित लायब्ररीत नाहीच. तोंडी परीक्षेत "इंट किती बाइटचा?" विचारलं की "दोन", आणि समोरच्या लॅपटॉपवर तो चारचा असतो. लिनक्स आणि जीसीसी फुकट आहेत, म्हणजे पैशाचं कारण इथे चालत नाही.

आपल्या गावात ही दृष्टी नवी नाही. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला देणगी ठेवली ती उपयोजित विज्ञान शिकवण्यासाठी, आणि तिच्यातून १९४२ मध्ये एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी राहिली. १९६० मध्ये व्हीआरसीई हे अभियांत्रिकी कॉलेज आलं, ते आजचं व्हीएनआयटी. १९८४ च्या सुमारास खाजगी कॉलेजं सुरू झाली, आणि २०१६ मध्ये ट्रिपल आयटी. ती आता बुटीबोरीकडे वारंग्याला आहे. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीचा रस्ता जेईई मेन ही परीक्षा आणि जोसा या केंद्रीय जागावाटपाचा. आपल्याकडच्या बहुतेक मुलांचा रस्ता एमएचटी-सीईटी या राज्याच्या परीक्षेचा आणि कॅपचा, आणि हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

लॅबमध्ये गेलात की एका मशीनवर किती मुलं बसतात ते बघा. पाचनंतर लॅब उघडी राहते का ते विचारा. आणि प्रश्न सरांना विचारू नका, मुलांना विचारा: "मागच्या प्रॅक्टिकलला काय केलं?" मुलगा विषयाचं नाव सांगून थांबला तर काय समजायचं ते समजा. "लिंक्ड लिस्ट करत होतो, डिलीट करताना प्रोग्रॅम क्रॅश होत होता" असं काही सांगितलं, तर त्या कॉलेजचं नाव वहीत लिहून ठेवा.

---

वर्धेची_आई

सर, अगदी वेळेवर धागा काढला. मुलीला ९१ च्या आसपास पर्सेंटाइल आहेत. नागपूरच्या नावाजलेल्या कॉलेजांत सीएसई कठीण दिसते. आयटी किंवा एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) लागू शकते. आमच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारी ती पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळचं कोणी नाही.

दोन शंका. आम्हाला लॅबमध्ये आत सोडतील का? गेटवरच माहितीपुस्तिका हातात देतात आणि ॲडमिशन सेलच्या खुर्चीवर बसवतात. आणि मुलींना फी माफ आहे म्हणतात, ते नेमकं कसं?

---

अंबाझरीकर

ताई, आधी फीचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर लाभ नाही. वसतिगृह आणि मेसचा खर्च यात येत नाही, तो वेगळा धरा. उत्पन्नाचा दाखला आतापासूनच काढायला टाका, तहसीलमध्ये या दिवसांत गर्दी असते.

लॅबचं: नम्रपणे सांगा, "आम्हाला या शाखेची लॅब पाच मिनिटं बघायची आहे." ज्यांच्याकडे दाखवण्यासारखं आहे ते आनंदाने नेतात.

---

गायत्रीनगर_आयटी

मी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काम करतो, फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. सरांशी थोडा असहमत आहे.

मिहानमधल्या मोठ्या कंपन्या असोत की आमच्यासारख्या, पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षेची. ॲप्टिट्यूड आणि दोन कोडिंगचे प्रश्न. तिथे कॉलेजची लॅब कशी होती हे कुणी विचारत नाही. मुलगा घरी बसून रोज दोन प्रश्न सोडवत असेल तर लॅब नसली तरी निघून जातो. माझ्या टीममधली सर्वात चांगली मुलगी अशा कॉलेजमधली आहे जिथे अर्धी मशीन्स बंद असत. तिने स्वतःच्या लॅपटॉपवर सगळं केलं.

---

अंबाझरीकर

तुमच्या टीममधल्या मुलीचं मनापासून कौतुक. पण तिच्याकडे लॅपटॉप होता. माझ्या वर्गात दरवर्षी अशी मुलं असतात ज्यांच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंत फक्त मोबाइल असतो. सावनेर, उमरेड, गोंदियाकडून येणारी. त्यांच्यासाठी कॉलेजची लॅब हाच एकमेव संगणक. ती बंद असली की त्यांचा अभ्यास बंद.

आणि एक सांगा, चाळणी पार करून मुलं तुमच्यासमोर येतात, तेव्हा काय दिसतं?

---

गायत्रीनगर_आयटी

तिथे मात्र तुमचं पटतं. दहापैकी निम्म्या बायोडेटांत तेच प्रोजेक्ट: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, नाहीतर फेस रेकग्निशन अटेंडन्स. मी एकच प्रश्न विचारतो: "डेटाबेसमध्ये टेबलं किती, आणि ही दोन वेगळी का ठेवलीत?" स्वतः केलं असेल तर डोळे चमकतात, मुलगा बोलतच सुटतो. विकत आणलं असेल तर शांतता. नॉर्मलायझेशनच्या (तीच माहिती पुन्हा पुन्हा साठू नये म्हणून टेबलं वेगळी करणं) तीनही व्याख्या पाठ असतात, कॉड यांनी टेबलांचं रिलेशनल मॉडेल १९७० मध्ये मांडलं हेही पाठ असतं. पण एका विद्यार्थ्याचा पत्ता तीन ठिकाणी साठवला तर काय बिघडेल, हे सांगता येत नाही.

---

जर्नल_वीक

मी थर्ड इयरला आहे, कॉलेजचं नाव नाही सांगत. दोन तासांचं प्रॅक्टिकल कसं असते ते सांगून राहिली.

पहिली वीस मिनिटं हजेरी आणि सिस्टिम सुरू करण्यात. मग मॅडम मागच्या वेळचं जर्नल चेक करतात, एकेकाची सही. तेवढ्यात पोट्टे सीनियरच्या पीडीएफवरून आजचं लिहून घेतात. कोड चॅटजीपीटीतून. रन झाला की स्क्रीनशॉट, प्रिंट, फाईल. मी एकदा मॅडमला म्हटलं की मला स्वतः करून पाहायचं आहे, थोडा वेळ द्या. त्या म्हणाल्या, कर ना, पण सबमिशनची तारीख तीच राहील. त्या वाईट नाहीत हो. त्यांच्याकडे एकाच दिवशी तीन बॅच असतात.

विंटरच्या परीक्षेआधीचा आठवडा तं नुसता फाईल पूर्ण करण्याचा. कोणी काही शिकत नाही तेव्हा.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रॅक्टिकलला मात्र लय मजा आली. पेज रिप्लेसमेंट होतं, म्हणजे मेमरी भरली की कोणतं पान काढून नवं ठेवायचं ते. सरांनी १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५ ही मालिका दिली आणि म्हणाले, फिफोने (आधी आलेलं आधी बाहेर) आधी ३ फ्रेम, म्हणजे मेमरीत पानांच्या ३ जागा, घेऊन चालवा, मग ४ घेऊन, आणि चालवायच्या आधी अंदाज लिहा. सगळ्यांनी लिहिलं, फ्रेम वाढल्या म्हणजे फॉल्ट (हवं ते पान मेमरीत न सापडणं) कमी होतील. ३ ला ९ आले, ४ ला १०! अख्खा वर्ग सरांच्या टेबलाभोवती. कोणी म्हणे कोड चुकला, कोणी वहीत हाताने करून राहिलं. त्या दिवशी कोणी जर्नल काढलं नाही, आणि ही बेलाडीची विसंगती आजही माझ्या डोक्यात पक्की आहे.

---

अंबाझरीकर

जर्नल_वीक, तुझ्या सरांनी अंदाज आधी लिहायला लावला, ही फार मोलाची गोष्ट. अंदाज चुकल्याशिवाय माणूस कारण शोधायला निघत नाही. आणि असं प्रॅक्टिकल चॅटजीपीटीने बुडत नाही. कोड कुठूनही आणा, ९ चे १० का झाले हे स्वतःलाच समजून घ्यावं लागतं.

---

मोटार_लॅब

मी इलेक्ट्रिकल मशीन्सच्या लॅबमध्ये सहायक होतो, आता निवृत्त. संगणकवाल्यांचं चाललंय म्हणून आमचंही लिहितो.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन चाचण्या असतात, ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट. पहिलीत लोखंडातला व्यय कळतो, दुसरीत तांब्यातला. शॉर्ट सर्किट करताना व्होल्टेज शून्यापासून हळूहळू चढवायचं, कारण रेटेड करंट यायला रेटेड व्होल्टेजचा अगदी थोडा हिस्सा पुरतो. घाईत व्होल्टेज चढवणारा ऑटोट्रान्सफॉर्मर झटक्यात फिरवला की अँमीटरचा काटा पार टोकाला जातो. ज्याने तो काटा एकदा पाहिला, त्याला पुढे सबस्टेशनमध्ये कोणी शिकवावं लागत नाही.

पण मधल्या काळात काय झालं, एका टेबलाभोवती आठ-आठ जण. जोडणी एक करतो, रीडिंग एक घेतो, बाकीचे उतरवून घेतात. मग एका वर्षी लक्षात आलं की काही वह्यांतली रीडिंग आमच्या लॅबमध्ये नसलेल्या ट्रान्सफॉर्मरची आहेत. रेटिंगच जुळत नव्हतं. म्हणजे दुसऱ्याच कॉलेजच्या वह्यांवरून उतरवलेली. मी विभागप्रमुखांना दाखवलं. चांगले गृहस्थ होते. त्यांनी पुढच्या सत्रापासून जोडणी प्रत्येकाने एकदा एकट्याने करायची असा नियम केला. वेळ दुप्पट लागला, पण मी संध्याकाळी थांबत असे, पोरंही थांबत.

पालकांना सांगतो, आमच्या लॅबमध्ये गेलात तर रिओस्टॅटची (करंट कमीजास्त करायचं साधन) मूठ पाहा. वापरात असलेल्याची मूठ गुळगुळीत झालेली असते. जोडणीच्या तारांची टोकं पाहा. नवीकोरी, चमकणारी लॅब दिसली तर ती यंत्रं कधी घेतली तेही विचारा. पाच वर्षांपूर्वी घेऊनही नवी दिसत असतील तर कोणी हात लावलेला नाही.

---

सदर_२१

काका, हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या विभागात लावतो.

---

तासिका_तत्त्वावर

मी शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण नाहीतर सगळा दोष आमच्या माथी येतो.

एम. टेक. झालं, नेमणूक कंत्राटी. दर सत्राला नव्याने. एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचं प्रमाण वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. कागदावर ते बसतं. प्रत्यक्षात माझ्याकडे थिअरीचे दोन विषय, प्रॅक्टिकलच्या बॅच, आणि त्याशिवाय ॲक्रेडिटेशनच्या (मानांकनाच्या) फाईल्स. सीओ-पीओ मॅपिंग (विषयाची उद्दिष्टं पदवीच्या उद्दिष्टांशी जोडणं), अटेनमेंटची गणितं, प्रत्येक परीक्षेतल्या प्रत्येक प्रश्नाला कोणता आउटकम. मूळ विचार चांगला आहे, विद्यार्थ्याला खरंच काय आलं ते मोजा. पण समिती येते तेव्हा तिच्यासमोर फाईल असते. म्हणून जर्नल पूर्ण असणं हे प्रोग्रॅम समजण्यापेक्षा मोठं होऊन बसलं.

२०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांना शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. संगणकाच्या जागा वाढल्या. सीएसई, आयटी, एआय-एमएल, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी. जागा एका परवानगीत वाढतात, शिक्षक तसा वाढत नाही. लॅबच्या बॅच आता सकाळी आठलाही आहेत.

मला शिकवायला आवडतं. वर्गातली एखादी मुलगी तास संपल्यावर थांबून "मॅम, हे असं का झालं?" विचारते, त्या प्रश्नासाठीच मी या कामात आहे. पण असे प्रश्न यायला वेळापत्रकात थोडी मोकळी जागा लागते.

पालकांनी एक करावं. कॉलेजच्या संकेतस्थळावर मँडेटरी डिस्क्लोजर असतं, त्यात शाखेनिहाय शिक्षकांची यादी असते. त्यातले किती जण त्या शाखेचं शिक्षण घेतलेले आहेत आणि किती काळ त्याच कॉलेजात टिकलेत, ते बघा.

---

अंबाझरीकर

पूर्ण सहमत. आणि नॅक, एनबीए या मानांकनांबद्दल पालकांचा गोंधळ असतो म्हणून लिहितो: नॅक संस्थेला मिळतं, एनबीए शाखेला. "आमचं कॉलेज एनबीए आहे" असं कुणी म्हणालं तर "कोणती शाखा?" हे विचारायचंच. ज्या शाखेची एकही बॅच अजून बाहेर पडलेली नाही तिला ते मिळालेलं असूच शकत नाही.

---

कामठी_रोड

मी सिव्हिलचा. सगळा धागा वाचला, सगळा संगणकाचा. मोटार_लॅब काकांचा अपवाद. मला वाईट वाटतं.

या शहरात राहून सिव्हिल, मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहाव्यात? डोळ्यांसमोर काय काय झालं बघा. वर्धा रोडवर एकाच खांबांच्या रांगेवर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो, ३.१४ किलोमीटर. कामठी रोडवर त्याच पद्धतीचं आणखी एक काम. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या गावातून सुरू होतो. कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन संच. कोळशाच्या वेकोलि आणि मँगनीजच्या मॉयलची मुख्यालयं इथे, पर्यावरण संशोधनाची नीरी इथे, हिंगण्याला ट्रॅक्टरचा कारखाना, मिहानमध्ये विमानांची देखभाल. मुलांची एक तरी बॅच उड्डाणपुलाचं काम चालू असताना गर्डर कसा चढवतात हे बघायला नेली का? मी ज्या साइटवर होतो तिथे आम्ही परवानगी द्यायला तयार होतो. फार थोडी कॉलेजं आली.

सर लॅब म्हणतात, मी म्हणतो आमची लॅब शहरभर पसरलेली आहे. सर्व्हेचं प्रॅक्टिकल कॉलेजच्या मैदानात त्याच दोन झाडांमध्ये अंतर मोजून होतं. काँक्रीटचे क्यूब मुलं स्वतः भरत नाहीत, तयार क्यूब मशीनमध्ये ठेवून फोडतात आणि आकडा लिहितात. १५० मिलिमीटरचा क्यूब स्वतः तीन थरांत भरून, ठोकून, २८ दिवस पाण्यात ठेवून मग फोडला, तर पाणी जास्त टाकल्याने ताकद किती घटते हे कुणी सांगावं लागणार नाही.

ज्या मुलाला मनापासून यंत्रं किंवा बांधकाम आवडतं त्याला फक्त "स्कोप नाही" म्हणून संगणकाकडे ढकलू नका. हात जोडून सांगतो.

---

अंबाझरीकर

दादा, तुमचा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता, आला हे बरं झालं. २८ दिवसांचं तुम्ही लिहिलंत ते विशेष पटलं. काही प्रॅक्टिकल दोन तासांत संपतच नाहीत, आणि वेळापत्रक मात्र सगळ्यांना दोनच तास देतं.

---

आरमोरीचा

मी गडचिरोली जिल्ह्यातला, शिक्षण सगळं मराठीतून. नागपुरात आलो तेव्हा पहिलं सत्र नुसतं घाबरण्यात गेलं. कोड जमत होता, पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) एक्सटर्नलसमोर इंग्रजीतून तोंडच उघडेना. येत असून गुण गेले. बॅक लागली, ती मॅथ्सची. पण मनातून खचलो ते व्हायवाने.

एका सरांनी सांगितलं, आधी मराठीत सांग, मग मी इंग्रजी शब्द देतो. त्या सत्रात चित्र बदललं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये मराठीतूनही व्हिडिओ आहेत, लिनक्स आणि सीचे. ते बघत बघत समोर करत जायचं. एआयसीटीईनेही पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आणली आहेत. माझ्यासारख्यांनी आधी विषय मराठीत पक्का करावा, इंग्रजी दोन सत्रांत येऊन जातं.

लॅब बघायला जाणाऱ्या पालकांनी हेही ऐकावं, सर मुलांशी कोणत्या भाषेत बोलून राहिलेत. समजावून सांगताना मराठी-हिंदीत येतात का, की फळ्यावरचं इंग्रजी वाचून दाखवतात.

---

वर्धेची_आई

काल दोन कॉलेजं बघून आलो, म्हणून सविस्तर लिहिते. लोकमान्य नगरच्या मेट्रोने फिरलो, ती सोय फार चांगली झाली आहे.

पहिल्या कॉलेजात इमारत सुंदर, रिसेप्शनला मोठा पडदा, त्यावर मुलांचे फोटो आणि पॅकेज. एआय-डीएसची लॅब बघायची म्हटलं तर किल्ली ज्यांच्याकडे होती ते सुटीवर. खिडकीतून पाहिलं, संगणक नवे होते, काहींवर प्लास्टिक तसंच. ही शाखा अलीकडेच सुरू झाली, बॅच बाहेर पडलेली नाही.

दुसऱ्यात इमारत जुनी. आयटीच्या लॅबमध्ये सहायक दादांनी स्वतः नेलं. सुटीचे दिवस असूनही तीन मुलं बसली होती. त्यातली एक मुलगी स्क्रीनवर रंगीत ओळी बघत होती. माझ्या मुलीने विचारलं हे काय, तर तिने खुर्ची ओढून दिली आणि अर्धा तास समजावलं. वायरशार्क म्हणाली, नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम. एखादी वेबसाइट उघडली की आपल्या संगणकातून किती पॅकेट (माहितीचे तुकडे) जातात, पहिल्या तीन पॅकेटांत दोन्ही बाजू एकमेकांची ओळख कशी करून घेतात, ते दाखवलं. मग मी त्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडे पाचनंतर लॅब मिळते का?" ती म्हणाली, "सातपर्यंत. दादा ओरडतात, पण बसू देतात."

मुलीचं मन दुसऱ्या कॉलेजात आहे. तिच्या बाबांचं म्हणणं, एआय-डीएस हेच पुढचं आहे, आयटी जुनं झालं. दोन्हीकडे मागच्या वर्षीचा कटऑफ आम्हाला जवळपास सारखाच पडतो. काय करावं?

---

गायत्रीनगर_आयटी

ताई, मुलाखतीत मी शाखेचं नाव बघत नाही. ती वायरशार्कवाली मुलगी पास झाली की आमच्याकडे पाठवा.

---

अंबाझरीकर

ताई, तिच्या बाबांना सांगा की पहिल्या दोन वर्षांत दोन्ही शाखांचा गाभा बराचसा सारखाच असतो: डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क. फरक तिसऱ्या वर्षापासून वाढतो. एआय-डीएसमध्ये मशीन लर्निंगचे विषय जास्त, आणि त्यासाठी संभाव्यता आणि मॅट्रिक्सचं गणित आवडायला हवं. आयटीची मुलगी तेच विषय इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून, किंवा कॉलेजात सोय असेल तर मायनर (जोड अभ्यासक्रम) म्हणून घेऊ शकते. दुसऱ्या कॉलेजला जाऊन एकदा विचारा, कोणते इलेक्टिव्ह गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवले गेले. यादीत दहा असतात, चालतात तीन.

कॉलेज स्वायत्त आहे का तेही बघा. स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांची, पदवी नागपूर विद्यापीठाची. नसेल तर समर-विंटर विद्यापीठाचे पेपर.

मी असतो तर आयटी वर टाकलं असतं. दादा ओरडूनही सातपर्यंत बसू देतात, ही गोष्ट कुठल्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. पर्याय भरताना क्रम नीट विचारून लावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची जागा लागली तर ती आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेरीत बदलायची मुभा राहत नाही. फी किती ते शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीतून तपासा, कॉलेजच्या काउंटरवरचा आकडा आणि तो जुळायला हवा.

---

वर्धेची_आई

बाबांनी तुमचं सगळं दोनदा वाचलं. आयटी एक नंबरला, एआय-डीएस तीनला. मध्ये दुसऱ्या कॉलेजचंच इलेक्ट्रॉनिक्स, कारण तीही लॅब उघडी होती. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज केला.

मुलगी विचारते, कॉलेज सुरू होईपर्यंत काय करू? घरी भावाचा जुना लॅपटॉप आहे, विंडोज फार हळू चालतं.

---

अंबाझरीकर

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला सांगा, हलकं चालेल असं लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. आधी भावाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडून फोल्डर बनवणं, फाइल हलवणं, जीसीसीने एक प्रोग्रॅम चालवणं. पिंग आणि ट्रेसराउट या नेटवर्क तपासायच्या दोन कमांड वापरून बघू दे. वायरशार्क फुकट आहे, तेही टाकता येईल. अडलं तर एररचा संदेश जसाच्या तसा इथे लिहा. आरमोरीचा आणि जर्नल_वीक दोघंही आहेत, मीही आहे.

---

जर्नल_वीक

हो ताई, तिला माझ्या नावाने मेसेज टाकायला सांगा. मिंट मी दोन मैत्रिणींच्या लॅपटॉपवर टाकून दिलं आहे. शनिवारी बर्डीला येत असाल तं पेनड्राइव्ह तयार करून आणते.